मदत हवी आहे: ३६ आठवडे, बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटतेय, पण तिसऱ्यांदा दवाखान्यात जायला लाज वाटते

पहिलंच बाळंतपण आहे, ३६ आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले. बीपी, साखर, हिमोग्लोबिन सगळं ठीक आहे, बाळाचं डोकंही खाली आहे. वार (प्लॅसेंटा) मात्र गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, त्यामुळे लाथा पहिल्यापासून दबक्याच लागतात, जाड उशीतून कुणी ढोसावं तशा.

गेल्या दोन आठवड्यांत मी दोनदा धावत दवाखान्यात गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले. पहिल्यांदा रात्री साडेदहाला पोट कडक व्हायला लागलं. अगदी दगड व्हायचं, मिनिटभराने सैल पडायचं. मी वहीत वेळा लिहीत बसले: १२ मिनिटं, मग ७, मग २०, मग ९. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळं बंद. दुसऱ्यांदा दुपारपासून बाळ गप्प होतं. ठोक्यांसाठी पोटावर पट्टा लावला आणि पाचव्याच मिनिटाला स्वारीने असा धुमाकूळ घातला की पट्टा सरकला. सिस्टर हसून दुसरीला म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे." वाईट हेतूने नसतील म्हणाल्या, पण मला ते लागलं. येताना गाडीत मी नवऱ्याशी एक अक्षर बोलले नाही.

आता आजचं. काल संध्याकाळपासून हालचाल आहे, पण नेहमीची नाही. एरवी रात्री जेवल्यावर उजव्या बरगडीखाली हमखास ढुशा बसतात, त्या काल बसल्याच नाहीत. आज सकाळपासून नुसती वळवळ, मधे एकदा उचक्या. सासूबाई म्हणतात, "अगं, शेवटी जागाच उरत नाही, बाळ हलणार कुठे?" चुलत बहिणीने ठोके ऐकायचं छोटं मशीन दिलंय, ते लावलं तर १४० च्या आसपास आकडा दिसतोय. म्हणजे ठीकच ना? उद्या तशीही तपासणी आहे. तोवर थांबू का? आणि खऱ्या कळा कशा ओळखायच्या, तेही कुणीतरी नीट सांगा. बॅग अर्धी भरून कोपऱ्यात पडलीय, तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो.

प्रतिसाद १

उद्यापर्यंत थांबू नकोस. हे वाचून झालं की फोन कर आणि निघ. बाकीचं गाडीत वाच.

शेवटी जागा कमी होते म्हणून हालचाल कमी होते, हा समज चुकीचा आहे. हालचालीची जात बदलते. कोलांट्या जाऊन ताणणं, सरकणं, ढकलणं सुरू होतं. पण बाळ दिवसभरात जेवढं हलायचं तेवढं बाळंतपणापर्यंत हलत राहायला हवं. तुझ्या बाळाची रात्रीची ढुशी चुकली हे तुझ्या लक्षात आलंय, तीच खरी माहिती. दोन तासांत १० हालचाली वगैरे मोजणं रोजची सवय म्हणून चांगलं, पण एकदा फरक जाणवल्यावर मोजत बसण्यात वेळ घालवू नये. आणि उचक्या त्यात धरत नाहीत.

ते मशीन कपाटात ठेव. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ त्या क्षणी जिवंत आहे एवढंच कळतं. ते दमलंय का, त्याला प्राणवायू पुरेसा मिळतोय का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय शिकलेला कान नसेल तर वारेतल्या रक्ताचा आवाज किंवा आपलीच नाडी बाळाची समजून माणूस निर्धास्त होतो. दवाखान्यात २०-३० मिनिटं पट्टा लावतात तो ठोका ऐकायला नाही, बाळ हललं की ठोके वाढतात का ते बघायला.

वार पुढे असली की लाथा दबतात हे खरं, पण तुझी तुलना तुझ्या परवाच्या दिवसाशी आहे. वार काय कालच पुढे आली नाही.

प्रतिसाद २

ताई, मी तर चारदा गेले होते. चौथ्यांदा सिस्टरनी मला नावाने हाक मारली. तिथे लाज गेली ती कायमची! हसणाऱ्याला हसू दे. फोनवर "पोटात दुखतंय" असलं मोघम सांगू नकोस. "३६ आठवडे, कालपासून हालचाल कमी" एवढंच सांग, लगेच बोलावतात.

कळांबद्दल माझा अनुभव. खोट्या कळांना शिस्त नसते. तू लिहिलेल्या वेळाच बघ ना, १२, ७, २०, ९. कूस बदलली, पाणी प्यायलं, चार पावलं चाललं की त्या विरतात. खऱ्या कळा काही केलं तरी थांबत नाहीत. त्या जवळजवळ येत जातात, लांबतात, वाढतात. माझ्या कंबरेतून सुरू होऊन पुढे यायच्या, आणि कळ आली की बोलता बोलता वाक्य तुटायचं. पहिल्या खेपेला साधारण दर ५ मिनिटांनी, एकेक मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा, असं मला सांगितलं होतं. पण ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत लागोपाठ कळा आल्या तर हे गणित मांडायचं नाही, सरळ फोन.

प्रतिसाद ३

वरच्या दोघींनी सांगितलंय ते बरोबर. थोडी भर घालते, कारण लाजेपायी मी स्वतः एकदा चूक केलीय. माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि मी "झोप झाली नसेल" म्हणत राहिले. शेवटी बीपी तपासलं तर १६० च्या वर. त्याच दिवशी दाखल केलं. बाळ आणि मी दोघं सुखरूप आहोत, पण ते दोन दिवस आठवले की अजून धडधडतं. तेव्हा न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, तोंडावर किंवा हातांवर अचानक सूज, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखव. तळहात-तळपायांना रात्री फार खाज सुटली तर तेही सांग, त्यासाठी यकृताची रक्ततपासणी करतात.

पाणी गेलं तर वेळ बघून ठेव आणि रंग बघ. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही. स्वच्छ असलं तरी फोन करायचाच. चिकट स्राव, त्यात रक्ताची एखादी रेघ, हे शेवटी होतं. पाळीसारखं रक्त जाणं मात्र नेहमीचं नाही.

धागाकर्ती

परत आले. संध्याकाळी लिहितेय, हात आत्ता कुठे थांबलेत.

फोनवर दोन वाक्यं बोलले तर पलीकडून "लगेच या" एवढंच आलं. ४० मिनिटं पट्टा लावला. पहिली २० मिनिटं बाळ ढिम्म, कागदावरची रेघ नुसती सपाट चाललेली. मी नवऱ्याचं मनगट धरून बसले होते, त्यावर नखं उमटलीत. मग सिस्टरनी डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने रेघेने उडी मारली. मग दुसरी. डॉक्टर म्हणाल्या झोपलं होतं, बाळाच्या झोपेची एक फेरी २०-४० मिनिटांची असते. तरी सोनोग्राफी करून पाणी बघितलं, ते पुरेसं आहे. परवा पुन्हा बोलावलंय, आणि मधे पुन्हा असं वाटलं तर रात्री दोन वाजतासुद्धा या म्हणाल्या.

आणि हो, त्याच सिस्टर होत्या. या वेळी हसल्या नाहीत, निघताना फक्त म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत."

सासूबाईंना प्रतिसाद १ मोठ्याने वाचून दाखवला. त्या गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही." मशीन बहिणीला परत देणार आहे.

आता बॅग. फाईल, रक्तगटाचा कागद, मोठे पॅड, पुढून उघडणारे दोन गाऊन, बाळाचे कपडे, टोपी, चार्जर एवढं भरलंय. पहिल्या तासात बाळाला पाजायचं असतं असं वाचलंय, त्यासाठी वेगळं काही लागतं का? आणि पॅड किती घेऊ? एकीने सांगितलं दोन पाकिटं, दुसरीने सहा. खरं काय ते ज्यांचं नुकतंच झालंय त्यांनी सांगा.