‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार : इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या ईम या छोट्या गावाच्या प्रशासकीय इतिहासाचा मी अनुवाद करीत आहे. त्यात ‘पॅरिश’ हा शब्द सतत येतो, म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला आणि पुढे स्थानिक कारभाराचाही घटक झालेला भाग. संपादकांनी ‘पॅरिश’साठी सर्वत्र ‘ग्रामपंचायत’ सुचवले आहे, ते मला पटत नाही. १६६५-६६ च्या प्लेगात रेक्टर (पॅरिशचे धर्मगुरू) विल्यम मॉम्पेसन यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःला कोंडून घेतले, तेव्हा तेथे निवडून आलेली पंचायत नव्हती. पॅरिश कौन्सिले १८९४ च्या कायद्याने आली.

वसईकर : आमच्याकडे ‘धर्मग्राम’ हा शब्द रूढ आहे. घरचा शब्द असताना ‘पॅरिश’ कशाला?

जुना वाचक : धर्मग्राम चर्चपुरता शोभतो, परंतु १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला आणि त्यासाठीचा कर वसूल करण्याचे काम ओव्हरसियरांकडे दिले. १६६२ च्या कायद्यानुसार, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत राहायला आलेला परका माणूस पुढे पॅरिशवर भार होईल असे वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून दोन दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने त्याला परत धाडता येई. याला धर्मग्राम कसे म्हणावे? १८६६ नंतर तर गरीबकर वेगळा गोळा करणारी ठिकाणेही पॅरिश ठरली. ईमच्या जुन्या पॅरिशमधले फूलो हे गाव असेच वेगळे पॅरिश झाले. माझ्या मते ‘पॅरिश’च ठेवावा.

गोवेकर : गोव्यात ‘फिर्गज’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आला असून पोर्तुगालमध्ये आज तेच सर्वात लहान प्रशासकीय घटकाचे नाव आहे. चर्चचा शब्द सरकारी होऊ शकतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

भाषांतरकार : ‘ओव्हरसियर’चेही काय करावे? मराठी वाचकाला बांधकाम खात्यातला माणूस दिसेल.

वसईकर : माझे वडील ओव्हरसियर होते आणि रस्तेच पाहत, त्यामुळे मलाही तेच दिसले.

जुना वाचक : पॅरिशमध्ये रस्त्यांसाठी सर्व्हेयर वेगळा असे. १५५५ च्या कायद्याने रहिवाशांना वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबावे लागे. पुढे ते सहा झाले. याला ‘वेठ’ म्हणावे.

गोवेकर : वेठ धन्यासाठी असते. हा तर आपल्याच गावचा रस्ता, ‘श्रमदान’ लिहा.

जुना वाचक : न आल्यास दंड होता. दंड भरायला लावणारे ते दान कसले?

वसईकर : मग ‘सक्तीचे श्रमदान’ लिहावे.

जुना वाचक : त्यापेक्षा ‘वेठ’ बरी.