मदत हवी आहे: १९७२च्या दुष्काळातले कृष्णधवल फोटो पिवळे पडताहेत

आमच्या दादांचा (वडिलांचा) औशात फोटो स्टुडिओ होता. ७२ साली दुष्काळी कामांवर फिरून त्यांनी काढलेले फोटो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडले. खडी फोडणाऱ्या बाया, सुकडीची रांग, कोरडी पडलेली आडं. आमच्या भागाचं ते दुःख घरात एवढंच उरलंय, ते जाऊ द्यायचं नाही.

बरेच प्रिंट पिवळट तपकिरी झालेत, काहींच्या कडांना आरशासारखी चमक आलीय. दादा सांगायचे, प्रिंटला तासभर वाहतं पाणी लागतं, पण तेव्हा आडात घागर बुडत नव्हती; दोन बादल्यांत बुचकळून प्रिंट दोरीवर टाकायचे. म्हणजे कागदात हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) राहिला आणि तोच आता फोटोतल्या चांदीचं सल्फाइड करतोय, असं मला वाटतं.

प्रिंट टिकवायला पोटॅशियम थायोसायनेटचं स्टॅबिलायझर मिळतं असं वाचलं. ते थेट लावू का? काही निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येतोय, त्यांना काय करू?

प्रतिसाद:
ताई, निदान बरोबर वाटतंय. पण स्टॅबिलायझर आत्ता लावू नका. हवेतल्या वायूंमुळे चांदीचे जे आयन सुटतात, त्यांना ते बांधून ठेवतं. आत राहिलेला हायपो ते काढत नाही. म्हणून आधी सगळं स्कॅन करा. मग एखाद्या कमी महत्त्वाच्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर अॅसिटिक अॅसिड घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. डाग जितका गडद, तितका हायपो जास्त.

हायपो आढळला तर लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सोडियम सल्फाइट घालून त्यात प्रिंट हलवत ठेवा, मग पाणी बदलत धुवा. हे उन्हाळ्यात मुळीच करू नका. टाकीतल्या कोमट पाण्यात जिलेटीन (चित्र धरून ठेवणारा प्रिंटवरचा थर) फुगून सुटतं. थंडीत करा, पाणी २४ अंशांच्या वर नको. ज्यांवर बुरशी आहे त्यांना पाणी लावूच नका, बुरशीने खाल्लेलं जिलेटीन विरघळतं. धुतल्यावर स्टॅबिलायझर किंवा सेलेनियम टोनर (चांदीला जास्त टिकाऊ करणारं द्रावण) चालेल. टोनर विषारी असतो, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. पिवळं झालेलं मात्र यातल्या कशानेही परत काळं होणार नाही.

वासाच्या निगेटिव्ह आजच वेगळ्या काढा. तो अॅसिटेट फिल्मचा आम्ल वायू आहे, शेजारच्या निगेटिव्हही बिघडवतो. त्याला रसायनाचा इलाज नाही. थंड, कोरडी जागा आणि लवकर स्कॅनिंग, एवढंच. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. किती आहेत?

मूळ लेखिका:
सतरा. बाकीच्यांपासून काढून कागदी पाकिटांत ठेवल्या, उद्या लातूरला स्कॅनिंगला नेते. प्रिंटना दिवाळीनंतरच हात लावेन. सल्फाइटनंतर शेवटच्या धुलाईला बोअरचं जड पाणी चालेल का, की डिस्टिल्ड आणू?