शब्दचर्चा : नागपुरी 'ले-आउट'

परवा ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, आमच्या ले-आउटच्या आतपर्यंत घ्या." पुण्याहून आलेली भाची खुदकन हसली. "मावशी, ले-आउट तर मासिकाच्या पानाचा असतो. तू त्यात राहतेस?" नागपूरकरांनो, आपलं इंग्रजी चुकतंय का?

*

अजिबात नाही. शेतजमीन अकृषक करून प्लॉट पाडताना रस्ते आणि मोकळ्या जागा दाखवणारा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. तो ले-आउट, म्हणजे आखणी. इथपर्यंत शुद्ध इंग्रजी. असे नकाशे मंजूर करणारा नागपूर सुधार प्रन्यास १९३६ पासून आहे. त्याच्या खिडकीशी उभं राहून हा शब्द बोलता बोलता नकाशाचं नाव जमिनीलाच चिकटलं. '५७२ आणि १९०० ले-आउट' (नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आउटच्या दोन याद्या, त्यांच्या संख्येवरून) म्हटलं की इथे कुणी कागद समजत नाही, वस्त्याच समजतात. बंगळुरातही एचएसआर ले-आउट आहेच. पुण्यात घरं बांधणाऱ्या सहकारी संस्थेचं नाव जागेला लागलं, म्हणून ते 'सोसायटीत' राहतात. भाचीला विचारा, ती कुठल्या सोसायटीची सभासद आहे! इंग्लंडात अशा वसाहतीला 'इस्टेट' म्हणतात. आपल्याकडे इस्टेट म्हटलं की भाऊ-भाऊ कोर्टात.

*

काहून हसते बे हे पुण्याचे लोक? सिव्हिल लाइन्समध्ये आता कोणत्या लायनी उरल्या?

*

अर्थाइतकाच उच्चारही बघा. इंग्रज 'ले' म्हणताना शेवटी 'इ'कडे घसरतो, जवळजवळ 'लेइ'. आपला ए सरळ, तो घसरत नाही. इंग्रजांचा ट दातांमागच्या हिरडीवर, आपला त दातांवर आणि ट त्याहून मागे, जीभ वळवून. मधल्या जागेवरचा असा ट किंवा त आपल्याकडे नाही, म्हणून कानाने जवळचा ट उचलला. शिवाय ते पहिल्या अक्षरावर आघात देऊन बाकीचं आटोपतात. आपण दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हणतो. एवढ्याशा शब्दात अख्खा भारतीय लहेजा सापडतो.

*

आमच्याकडे 'वॉटर'मधला र खणखणीत वाजतो, तो हिस्लॉप कॉलेजच्या (१८८३) स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे का?

*

कल्पना छान, पण गरज नाही. स्कॉटिश लोक र उच्चारतात हे खरं. दक्षिण इंग्लंडात स्वरानंतरचा र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गळत गेला. पण मराठी माणूस लिहिलेला प्रत्येक र म्हणणारच, गुरुजी कुठलेही असोत. ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजीचं वेगळं. तिथे १७८८ पासून ब्रिटन-आयर्लंडच्या नाना भागांतली माणसं एकत्र आली आणि त्यांच्या पोरांनी खेळता खेळता सगळ्या बोली घोटून एक केली. 'कांगारू'सारखे शब्द तेवढे स्थानिकांकडून. आपण इंग्रजी घरात नव्हे, शाळेत आणि कचेरीत शिकलो, मातृभाषेच्या तोंडाने. म्हणून लहेजा मराठी आणि शब्द कचेरीतले : ले-आउट, आउट ऑफ स्टेशन.

*

भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, "तो ले-आउट की ते ले-आउट?" आमच्या घरात तो. शेजारच्या काकू मात्र 'लेवट' म्हणतात, आणि अनेकवचन 'लेवटं'. तुमच्याकडे?