मदत हवी आहे: लॅपटॉपवर ॲप साइन होतंय, गिटहब ॲक्शन्सवर अडतंय

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही दोघांनी मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी फ्लटरमध्ये एक ॲप केलंय. गुळाचे रवे किती आले, कुणाचे, सौद्यात भाव काय निघाला, एवढीच नोंद. रिलीज बिल्ड (लोकांना द्यायची तयार फाइल) आजवर पार्टनरच्या लॅपटॉपवर व्हायचा. गेल्या आठवड्यात तो लॅपटॉपसकट सांगलीला लग्नाला गेला आणि इकडे १० किलोचा रवा ३० किलोचा धरला जातोय म्हणून सकाळपासून फोन सुरू. दुरुस्ती एका ओळीची, पण कीस्टोअर, म्हणजे ॲप साइन करायच्या किल्लीची फाइल, सांगलीत! तेव्हाच ठरवलं, हे काम गिटहब ॲक्शन्सवर टाकायचं, म्हणजे बिल्ड त्यांच्या मशीनवर आपोआप होईल.

आता टॅग (कोडवरची आवृत्तीची खूण) ढकलला की उबुंटू रनरवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर, टेस्ट चालतात, सगळ्या हिरव्या. मग ॲप बंडल करताना साइनिंगला फटका:

"टू-डर-इनपुट-स्ट्रीम रिजेक्ट्स टॅग टाइप ४"

कीस्टोअर विंडोजवर सर्टयूटिल कमांडनं बेस-६४ करून (फाइल साध्या अक्षरांत बदलून) गिटहबच्या सीक्रेटमध्ये (गुप्त कप्प्यात) ठेवलंय. रनरवर ते उलगडताना आधी 'इनव्हॅलिड इनपुट' यायचं, म्हणून इग्नोर-गार्बेज (न चालणारी अक्षरं गाळायचा पर्याय) लावलं. तरी कुरकुर होती, मग ओळीच्या शेवटी 'ऑर ट्रू' (चूक आली तरी पुढं चल) टाकलं. पासवर्ड तीनदा तपासला. काय चुकतंय?

उद्यमनगरकर
अलियास (कीस्टोअरमधल्या किल्लीचं नाव) बघितला का? माझं एकदा तिथंच अडलेलं.

पंचगंगाकाठ
बघितला ओ. बरोबर आहे.

तांबडा_पांढरा
अलियासपर्यंत गाडी पोचलेलीच नाही, आणि पासवर्डचाही दोष नाही. जावाला फाइलच कीस्टोअर वाटत नाहीये. सर्टयूटिल मजकुराच्या वर 'बिगिन सर्टिफिकेट' आणि खाली 'एंड सर्टिफिकेट' अशा ओळी घालतं. तुम्ही इग्नोर-गार्बेज लावलं, तेव्हा डॅश आणि मोकळी जागा गळाली. पण अक्षरं बेस-६४ मध्ये चालणारीच, ती राहिली. 'बिगिन सर्टिफिकेट'ची इंग्रजी अक्षरं १६, म्हणजे उलगडल्यावर १२ बाइट. तो कचरा फाइलच्या डोक्यावर बसला. त्यातला पहिलाच बाइट ४ येतो, तोच तुमच्या एररमध्ये दिसतोय.

रनरवर फाइलचा आकार छापा आणि लॅपटॉपवरच्याशी ताडून बघा. मग पॉवरशेलच्या कन्व्हर्ट टू-बेस-६४-स्ट्रिंगनं नव्यानं करा, ते एकसलग एका ओळीत देतं. आणि भावा, तो 'ऑर ट्रू' आधी काढ. मशीन ओरडून सांगत होतं, तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास.

पंचगंगाकाठ
आकार खरंच जास्त निघाला. नव्यानं केलं, साइन झालं! दोन दिवस पासवर्डच टाइप करत बसलो होतो.

आता गूगल प्लेनं वेगळंच काढलंय: व्हर्जन कोड (बिल्डचा क्रमांक) आधी वापरलेला आहे म्हणतंय. मी तिथं गिटहबचा रन नंबर (हे काम कितव्यांदा चाललं तो आकडा) लावलाय, तो ९. हातानं आम्ही १४ पर्यंत चढवलेलं.

तांबडा_पांढरा
रन नंबरमध्ये १०० मिळवा, विषय संपला. कोड वाढतच गेला पाहिजे, मधले आकडे सुटले तरी प्लेला चालतंय.

उद्यमनगरकर
अजून प्लेच्या क्लोज्ड टेस्टमध्येच (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) आहात का? खातं वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल, तर प्रॉडक्शन (ॲप सगळ्यांसाठी खुलं करायची परवानगी) मागण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस आत लागतात.

पंचगंगाकाठ
हो, तेच चाललंय. १२ जण जमवताना घाम फुटला, शेवटचा गडी मिळाला तो हमालांचा मुकादम. नवीन बिल्ड चढवला तर दिवस परत पहिल्यापासून मोजतात का?

उद्यमनगरकर
नाही. बिल्ड कितीही चढवा, गडी बाहेर पडू देऊ नका. १२ च्या जागी १५ ठेवा, एखादा फोन बदलतोच.

पंचगंगाकाठ
१०९ चढला. १० किलोचा रवा आता १० चाच दिसतोय, यार्डातून फोटो आलाय. कीस्टोअरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन घरी ठेवली. पार्टनर अजून सांगलीतच.