«दिल्लीला एक अर्ज टाका, काम होतं» म्हणणाऱ्यांना उत्तर

चाकांवरचा_सातारकर

काल हक्कमित्र यांनी लिहिलं की राष्ट्रीय मानवाधिकार आयोग हा दिव्यांगांचा सगळ्यात मोठा आधार आहे. तक्रारीला पैसा लागत नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं आणि मानवाधिकार संरक्षण कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दिव्यांगांचे मुख्य आयुक्त स्वतः आयोगावर सदस्य आहेत. इथपर्यंत ठीक. पण शेवटी त्यांनी लिहिलंय, «तरीही आपले लोक अर्ज करत नाहीत, नुसते रडत बसतात.» हे वाक्य डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी रडत बसलो नव्हतो. मी अर्ज केला होता.

गेल्या डिसेंबरात निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या कचेरीत गेलो. टेबल पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. रॅम्प आहे, तो दारातल्या दोन पायऱ्यांपुरता. खाली येऊन सही घ्या म्हटलं तर «साहेबांसमोर हजर व्हावं लागतं». शेवटी शिपाई आणि बाहेरचा झेरॉक्सवाला पोरगा यांनी मला खुर्चीसकट उचललं. मी ४२ वर्षांचा आहे. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा त्या पोराच्या गळ्याला मिठी मारावी लागली. वर रांगेतली माणसं बाजूला झाली आणि माझ्याकडे बघायचं टाळायला लागली.

घरी येऊन त्याच रात्री आयोगाच्या पोर्टलवर तक्रार टाकली. डायरी नंबर आला, मग केस नंबर आला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. दीड महिन्याने आदेश आला: तक्रार संबंधित प्राधिकाऱ्याकडे पाठवण्यात येत आहे, आठ आठवड्यांत योग्य ती कार्यवाही करून तक्रारदारास कळवावे. आणि खाली, प्रकरण निकाली.

तो कागद दिल्लीहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून त्याच पहिल्या मजल्यावरच्या टेबलावर गेला. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचाच मला फोन. «अहो, दिल्लीला कशाला लिहिलंत, मला सांगायचं ना.» जिना आजही तसाच आहे. आयोगाच्या दफ्तरी मात्र माझा प्रश्न सुटलेला आहे.

आता त्या सदस्यत्वाचं. हक्कमित्र, कायदा पूर्ण वाचा. मुख्य आयुक्त पदसिद्ध सदस्य आहेत ते आयोगाची कामं सांगणाऱ्या कलम १२ मधल्या दुसऱ्या कामापासून पुढच्या कामांसाठी. पहिलं काम म्हणजे तक्रारींची चौकशी, आणि नेमकं तेच त्यांच्याकडे नाही. माझी तक्रार ज्या टेबलावर वाचली गेली तिथे अपंगत्व कळणारं माणूस असायलाच हवं, अशी कायद्याची अटच नाही.

हक्कमित्र

तुमचा एक अनुभव वाईट आला म्हणून संस्था वाईट ठरत नाही. मी लोकांना अर्ज करायला प्रवृत्त करत होतो. तुम्ही त्यांना परावृत्त करताय.

ॲड_करवीर

सातारकर, मनापासून वाईट वाटलं, पण तुम्ही दारच चुकीचं ठोठावलंत. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हातात असताना दिल्लीला कशाला जायचं? दिव्यांगांचे राज्य आयुक्त पुण्यात बसतात. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे साक्षी-पुराव्याचे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, मान्य नसेल तर कारण द्यायचं. शिवाय कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ लाच संपली. ती कचेरी सरळसरळ कायदा मोडून उभी आहे.

आणि आयोगाच्या शिफारशीला कागदाचा तुकडा म्हणू नका. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मानवाधिकार कायद्याच्या कलम १८ खालच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठरवल्यात.

चाकांवरचा_सातारकर

वकीलसाहेब, शिफारस झाली असती तर ती बंधनकारक आहे का यावर भांडलो असतो. माझ्या बाबतीत शिफारसच नाही, चौकशीच नाही. कागद पुढे ढकलला आणि फाईल बंद. आणि मद्रासचा निकाल साताऱ्याला लागू होतो का, तेही सांगा.

ॲड_करवीर

नाही होत. दाखला म्हणून देता येतो, बंधन नाही. पुढे ढकलून निकाली काढण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या दोन अशिलांचंही तसंच झालंय.

शरयू_निवृत्त

मी एका प्रादेशिक मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून २९ वर्षं काढली. इथे सगळे «माझा अर्ज, माझा अर्ज» करताहेत. ज्यांना अर्ज करताच येत नाही त्यांचं कोण बोलणार?

१९९७ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेरच्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायचं काम आयोगाला दिलं. त्यानंतर निम्हान्सला, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेला, बरोबर घेऊन देशभरच्या मनोरुग्णालयांची पाहणी झाली, १९९९ मध्ये अहवाल आला. आमच्याकडे पाहणीची माणसं येणार म्हटल्यावर काय धावपळ झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नुसती रंगरंगोटी झाली असं कुणी म्हणेल. तीही झाली. पण त्याच सुमारास एकांत कोठड्यांची कुलुपं निघाली, बायकांचे सरसकट केस कापणं थांबलं, अंघोळीला गरम पाणी आलं. बऱ्या झालेल्या पण कुणी न्यायला न आलेल्या रुग्णांची पहिल्यांदा यादी झाली. ती यादी मी हाताने लिहिली आहे. त्यातल्या एका बाईंना १७ वर्षांनी त्यांच्या भावाकडे जालन्याला सोडायला मी स्वतः एसटीने गेले होते. भावाने दार उघडलं आणि तो ओळखेना. मग त्या म्हणाल्या, «आईची पितळी अजून आहे का रे?» आणि तो खालीच बसला.

त्या बाईंनी कुठे डायरी नंबर घेतला होता? २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली, त्यांनी कुठे पोर्टल उघडलं होतं? बंद दारांच्या आत शिरून बघायचा अधिकार ज्याला आहे अशी संस्था हवीच. सातारकर, तुमचा राग मला समजतो, पण «आयोग काही कामाचा नाही» हे मी मान्य करणार नाही.

चाकांवरचा_सातारकर

शरयूताई, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. «काही कामाचा नाही» असं मी लिहिलेलं नाही, पण सूर तसा लागला असेल. तुम्ही सांगताय ते आयोगाने केलं, कारण पाठीशी न्यायालय होतं आणि माणसं प्रत्यक्ष जाऊन बघत होती. माझ्या कचेरीत कुणी येऊन जिना बघितला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

गुरुजी_मराठवाडा

रॅम्पबिम्प नंतर. आधी बोगस प्रमाणपत्रवाल्यांना पकडा! आमच्या जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या बदल्यांच्या वेळी विशेष संवर्ग एकमध्ये, म्हणजे सोयीची शाळा आधी मिळणाऱ्यांच्या यादीत, अचानक दिव्यांग उगवतात. काल बॅडमिंटन खेळणारा माणूस आज ४० टक्के अस्थिव्यंग. सोयीची शाळा त्याला आणि माझ्यासारखा डोंगरावरच्या वस्तीशाळेत ११ वर्षं. या लोकांनी खऱ्या अपंगांच्या हक्कांवर दरोडा घातलाय. आयोगाने हे स्वतःहून घ्यावं.

आर्याची_आई

१०० टक्के सहमत. माझ्या स्वमग्न मुलीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चार बुधवार गेले. एकदा मानसोपचारतज्ज्ञ रजेवर, एकदा सर्व्हर बंद, एकदा «मुलगी तर नीट दिसतेय». आणि पैसेवाल्यांना घरपोच मिळतं.

कानाआड

गुरुजी, मी कर्णबधिर शिक्षिका आहे आणि तुम्ही म्हणता त्या संवर्ग एकमध्येच आहे. २०२४ मध्ये पुण्याचं ते प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खोट्या दिव्यांग प्रमाणपत्राच्या आरोपाचं प्रकरण गाजलं. तेव्हापासून ज्याला त्याला आमची तपासणी करायचीय. माझी बेरा चाचणी, म्हणजे ऐकू येतं का ते यंत्रावर बघायची तपासणी, तीनदा झाली आहे. तिसऱ्यांदा दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, रजा बिनपगारी लावली. लहानपणी मेंदूज्वरात गेलेले कान चाळिशीत परत येतात का? स्टाफरूममध्ये सहकारी पाठीमागून टाळी वाजवून बघतात, मी वळते का म्हणून. हे तुमच्यासारख्यांच्या «बोगस पकडा» मधून येतं.

गुरुजी_मराठवाडा

मी खऱ्यांबद्दल बोललोच नाही. टाळी वाजवणाऱ्यांचं माझ्यावर कशाला?

कानाआड

कारण खरं-खोटं तुम्ही तोंडाकडे बघून ठरवता. «बॅडमिंटन खेळतो» हा तुमचा पुरावा. पॅरा बॅडमिंटन पॅरालिंपिकमध्ये आहे हो. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकलं, आपल्या सांगलीकडचेच ते. त्यांना पोहताना बघून तुम्ही काय म्हणाला असता?

गुरुजी_मराठवाडा

भावनिक करू नका. ११ वर्षं मी डोंगर चढतोय, माझ्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला गाडी मिळत नाही. तुम्हाला सवलत मिळते म्हणून तुम्हाला बोलणं सोपं आहे.

कानाआड

सवलत? वर्गातली पोरं काय बोलतात ते ओठांवरून वाचून संध्याकाळपर्यंत माझे डोळे पेटतात. घ्या ही सवलत. आजच्या आज द्या मला तुमचे कान.

आर्याची_आई

दोघंही थांबा ना. मी «सहमत» लिहिलं ते पैसेवाल्यांबद्दल होतं. ताई, तुमच्याबद्दल नव्हतं. आर्यालाही उद्या कुणी असंच म्हणेल, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ॲड_करवीर

खोटेपणाने सवलत घेणाऱ्यासाठी २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहेच: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुरुजींनी नाव-पुराव्यासह तक्रार द्यावी. पण चार चोरांसाठी सगळ्या गावाला चौकीत उभं करणं हा वेगळा विषय आहे. अपंगत्व कायमचं असं नोंदवलेलं असताना पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणं, तेही बिनपगारी, यावर राज्य आयुक्तांकडे नक्की जाता येईल. मानवाधिकार आयोगाकडे मात्र अडचण येईल. सेवाविषयक म्हणून ते सुरुवातीलाच फेटाळू शकतात.

कानाआड

म्हणजे नोकरीत होणारा अपमान हा मानवाधिकाराचा प्रश्न नाही, सेवेचा प्रश्न आहे. समजलं.

हक्कमित्र

हे मला माहीत नव्हतं. सेवाविषयक तक्रारी घेत नाहीत हे माझ्या पोस्टमध्ये असायला हवं होतं.

चाकांवरचा_सातारकर

आणि वर्षाची अट? तीही तुमच्या पोस्टमध्ये नव्हती. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. आमच्याकडे माणसाला आपला हक्क होता हे कळायलाच वर्ष जातं.

गुरुजी, तुमच्या आईसाठी गाडी मिळत नाही हे चूकच आहे. पण त्याचा हिशेब या ताईंकडे मागू नका. वस्तीला रस्ता आणि गाडी नसणं हे ज्यांच्यामुळे आहे, माझा जिनाही त्यांच्याचमुळे आहे.

गुरुजी_मराठवाडा

बॅडमिंटनचं उदाहरण मागे घेतो. बाकीचं नाही.

कानाआड

ठीक आहे.

शरयू_निवृत्त

सातारकर, मूळ मुद्द्यावर येते. तुम्ही तक्रारीत जिन्याबद्दल लिहिलंत, की तुम्हाला उचललं त्याबद्दल? आम्ही रुग्णांच्या वतीने पत्रं लिहायचो तेव्हा एक गोष्ट शिकलो. «सुविधा नाही» लिहिलं की पत्र खाली जातं. «अमुक तारखेला, अमुक जागी, या माणसाच्या प्रतिष्ठेचा असा भंग झाला, हे दोन साक्षीदार» असं लिहिलं की अहवाल मागवण्याची शक्यता वाढते. आणि अहवाल वेळेत आला नाही तर आयोग स्वतः चौकशी करू शकतो.

चाकांवरचा_सातारकर

मी लिहिलं होतं, «पहिल्या मजल्यावर जाण्यासाठी सोय नाही, ती करावी.» उचलल्याचं नाही लिहिलं. लाज वाटली.

ॲड_करवीर

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निव्वळ सल्लावजा नियम कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीची किमान मानकं करायला केंद्राला तीन महिने दिले. राज्य आयुक्तांकडच्या अर्जात हे घाला. तो मसुदा मी करून देतो, फी नको.

हक्कमित्र

«रडत बसतात» हे वाक्य काढलंय. पोस्टमध्ये वर्षाची अट आणि सेवाविषयक तक्रारींचं घातलंय. तरी अर्ज करू नका असं मी म्हणणार नाही.

चाकांवरचा_सातारकर

मीही म्हणत नाही. डिसेंबरला वर्ष होईल, अजून सात आठवडे आहेत. एक अर्ज पुण्याला, एक पुन्हा दिल्लीला. झेरॉक्सवाल्या पोराला संध्याकाळी विचारून आलो. साक्षीदार म्हणून नाव घालू का म्हटलं. तो म्हणाला, «घाला काका. खुर्ची तिरकी झाली होती, माझ्यामुळेच झाली होती, तेपण लिहा.»

शरयू_निवृत्त

लिहा. आणि नवा डायरी नंबर आला की इथे टाका, मी दर सोमवारी बघत जाईन.