घरी गाणे ध्वनिमुद्रित करताना येणारे नको ते आवाज : आपले अनुभव लिहा

राजापूर (धागाकर्ता)

भजने आणि आरत्या घरीच ध्वनिमुद्रित करून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवण्याची पद्धत आमच्या वाडीत आता रुळली आहे. मात्र ऐकणाऱ्याला गळ्याआधी पंखा, कोंबडा आणि पऱ्ह्याचे (घराजवळच्या ओहोळाचे) पाणी ऐकू येते. किनाऱ्यावरील आणि खाडीकाठच्या घरांत आपण हा त्रास कसा कमी केला आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. आरंभ माझ्याच फजितीने करतो.

माजघराच्या भिंतींना मी अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. त्यांनी बाहेरचा एकही आवाज अडला नाही, कारण आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. चिऱ्याची भिंत ते काम करतेच, पण वरच्या कौलांच्या फटींतून सारे आत येते. खरा फरक पडला तो माइक दोन फुटांवरून सहा इंचांवर आणल्यावर. अंतर निम्मे झाले की गळ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे येथे १२ डेसिबलने. पऱ्ह्या मात्र आहे तेथेच राहतो आणि गेन, म्हणजे माइकची आवाज उचलण्याची पातळी, तेवढा खाली आणता येतो. जवळून गाताना ‘प’ आणि ‘भ’ फुटू लागले, तेव्हा भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून माइकपुढे बांधला. कोंबड्याचे काय करावे, हे मात्र अजून सुचलेले नाही.

मालवण

आमची खिडकी समुद्राकडे उघडते. लाटांचा आवाज नको म्हणून मी कित्येक महिने समुद्राकडे पाठ करून गात होते आणि गाज वाढतच होती. मग लक्षात आले की, माझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे तो समोरचे घेतो आणि पाठीमागचे बरेचसे सोडतो. मी पाठ फिरवल्याने त्याचे तोंड थेट खिडकीकडे होत होते. आता मी समुद्राकडे तोंड करून गाते आणि माझ्या पाठीमागे दोरीवर आईच्या दोन गोधड्या टाकते, कारण मागच्या भिंतीवर आपटून परतणारी गाज नाहीतर माइकच्या तोंडातच शिरते.

तरीही खालची घरघर उरते, कारण ती गोधडीला जुमानत नाही. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा माझा सा, काळी चार असल्याने मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, सुमारे १५६ हर्ट्झवर येतो. तेव्हा १०० हर्ट्झखालचे कापले तरी गळ्याला धक्का लागत नाही. काकांची पट्टी त्याहून खालची, काळी एक आहे, त्यांच्यासाठी हाच फिल्टर खाली, ६० हर्ट्झच्या आसपास ठेवावा लागतो. शक्य तेव्हा मी ओहोटीची वेळ धरते; ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने भिंतीवरच्या कालदर्शिकेत आमच्या रियाजाच्या वेळा लिहिलेल्या असतात.

चिपळूण

माझ्याकडे बाहेरचे काही नव्हते, गुणगुण घरातलीच होती. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि तिच्या पटीतले १००, १५० असे स्वरही सोबत येतात, त्यामुळे खालचा फिल्टर पुरेसा ठरला नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण केल्यावर गुणगुण थांबली. फ्रिजही बंद केला होता, तो पुन्हा चालू करायला विसरलो आणि सकाळी बांगडे टाकून द्यावे लागले. आता फ्रिजच्या बटणावर घरच्यांची नजर असते, माझ्या गाण्यावर नसते.

वेंगुर्ले

पत्र्यावर पाऊस पडत असताना कोणताही उपाय चालत नाही, हे मी चार पावसाळ्यांनंतर मान्य केले आहे. सॉफ्टवेअरने पाऊस पुसायला गेलो, तर गळा पाण्याखालून गात असल्यासारखा झाला. सौम्य पंख्यापुरते मात्र ते उपयोगी पडते. त्यासाठी गाण्याआधी पाच सेकंद गप्प बसून नुसत्या खोलीचा नमुना घ्यावा, म्हणजे काय पुसायचे ते सॉफ्टवेअरला कळते. दमट हवेत कंडेन्सर जातीचा संवेदनशील माइक कडकडू लागतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

गुहागर

राजापूरकरांच्या कोंबड्याविषयी. तो आरवला की थांबू नये. त्याच जागी, माइकपासून तेवढ्याच अंतरावर बसून तेच कडवे लगेच पुन्हा गावे. तानपुरा हेडफोनवर ठेवला असेल, तर तो माइकमध्ये उतरलेला नसतो, त्यामुळे श्वासाच्या जागी कापून दुसरे कडवे बसवले, तरी जोड कळत नाही. आमच्या गेल्या वर्षीच्या आरतीत असे तीन जोड आहेत.