‘विखुरलेली पुनरावृत्ती म्हणजे निसर्गाचं राखीव सामान’ या पोस्टला उत्तर

गोदाकाठ (नांदेड):
काल गटात फिरलेल्या पोस्टमध्ये दोन दावे आहेत. एनकोड या डीएनएतले कामाचे भाग शोधणाऱ्या प्रकल्पाने 2012 साली मानवी जीनोमचा (एकूण डीएनएचा) 80 टक्के भाग कामाचा असल्याचं सिद्ध केलं, आणि ट्रान्सपोसॉनची, म्हणजे जीनोममध्ये उड्या मारून जागोजागी विखुरलेल्या डीएनए तुकड्यांची, प्रत्येक प्रत निसर्गाने मुद्दाम जपून ठेवली आहे. एमएस्सीची मुलं हे सेमिनारमध्ये जसंच्या तसं मांडतात, म्हणून लांब लिहितोय.

एनकोडने मोजली ती जैवरासायनिक हालचाल: आरएनए निघतो का, प्रथिन चिकटतं का, क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) उघडं आहे का. आल्यू नावाच्या ट्रान्सपोसॉनच्या मेलेल्या (आता उडी न मारणाऱ्या) प्रतीवरही प्रथिन चिकटतं. ती प्रत काढली तर पेशीचं काही अडतं का, हा प्रश्न वेगळा आणि तो तिथे मोजलेलाच नाही. माणसात आल्यूच्या 10 लाखांवर प्रती आहेत, प्रत्येकी साधारण 300 बेस (डीएनएची अक्षरं). एल-वन या दुसऱ्या ट्रान्सपोसॉनच्या 5 लाखांच्या आसपास. त्याची पूर्ण लांबी 6,000 बेस, पण बहुतेक प्रती पुढच्या टोकाला तुटलेल्या, कारण उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनणं) मागच्या टोकाकडून सुरू होतं आणि मध्येच थांबतं. आज उडी मारू शकतील अशा जेमतेम 80 ते 100. उरलेल्या प्रतींत उत्परिवर्तनं बिनदिक्कत साठत गेली आहेत. त्यांची गरज असती तर नैसर्गिक निवडीने ती साठू दिली नसती. कांद्याचा जीनोम 16 अब्ज बेसचा, आपल्या पाचपट. ते जास्तीचं सामान कांद्याला कशाला लागतं, हे पोस्ट लिहिणाऱ्याने सांगावं.

ज्वारीचं कणीस (परभणी):
सर, एनकोडबद्दल वाद नाही. पण तुमच्या लिहिण्यातून मुलं उलटाच धडा घेतील की हे तुकडे बाजूला सारायचे. मक्याचं झाड फुटवे कमी करून एका ताटावर उभं राहिलं ते टीबी-1 जनुकाच्या सुमारे 60,000 बेस आधी, शेजारच्या डीएनएत, हॉपस्कॉच हा ट्रान्सपोसॉन बसल्यामुळे. पांढऱ्या द्राक्षात ग्रेट-वन हे ट्रान्सपोसॉन रंगाच्या जनुकाच्या प्रोमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या भागात) बसलंय. इटालिया या पांढऱ्या जातीत त्याचा मधला भाग गळून एकच एलटीआर (घटकाच्या दोन्ही टोकांना असणारा सारखा तुकडा) उरला आणि लाल रुबी ओकुयामा मिळाली. रक्तवर्णी संत्र्यात रुबी जनुकाशेजारी कोपिया गटाचा ट्रान्सपोसॉन आहे आणि त्याचा एलटीआर थंडीत जागा होतो. उद्या कोणी जालन्यात मोसंबीच्या बागेशेजारी ती जात लावली, तर आपल्या उन्हात गराला लाली धरणार नाही. कारण या पुनरावृत्तीतच आहे. हे पैदासकाराला माहीत नको?

गोदाकाठ:
हवंच. पण तुम्ही तीन निवेशनं (ट्रान्सपोसॉन बसल्याच्या जागा) मोजलीत. ज्वारीच्या 73 कोटी बेसपैकी 60 टक्क्यांहून जास्त पुनरावृत्त आहे, त्यातल्या किती प्रतींचं काम दाखवता येतं? एका प्रतीचं काम सिद्ध झालं की ते त्या प्रतीपुरतंच. सगळ्या कुटुंबाला ते लागू करायचं हीच त्या पोस्टची चूक आहे आणि तुम्ही तीच पुढे नेताय.

अर्धापूरची बाग:
तुमचं मका-संत्रं राहू द्या. आमच्या केळीचं बोला. टिश्यू कल्चरची रोपं लावायची आणि त्यात बुटकी, जाड पानांची निघायची, याला हेच ट्रान्सपोसॉन जबाबदार आहेत. भातात टॉस-17 हे ट्रान्सपोसॉन ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) जागं होतं, 1996 सालीच दाखवलंय. तेलताडाच्या बिघडलेल्या फळामागे कर्मा नावाचा घटक निघाला, 2015 साली. तरी रोपं विकणारे कामून गप्प? शेतकऱ्याने सगळा खर्च घातल्यावर कळायचं का?

ऊतिशाळा (छत्रपती संभाजीनगर):
दादा, तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करून आरोप करू नका. टॉस-17 खरोखर नव्या प्रती घालतं. कर्माने कुठे उडी मारलेली नाही. तो जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) आधीपासूनच होता, संवर्धनात त्याच्यावरचं मिथिलेशन (घटक गप्प ठेवणारी रासायनिक खूण) गेलं आणि जनुकाचं स्प्लायसिंग (आरएनएचे तुकडे जोडणं) बिघडलं. केळीच्या बुटक्या रोपांमागे अमुक ट्रान्सपोसॉन आहे असं मांडायला हे दोन दाखले पुरत नाहीत. जीनोममध्ये बसलेला स्ट्रीक (पानांवर रेघा पाडणारा) विषाणू संवर्धनात जागा होतो हे खरं, पण त्या संसर्गक्षम प्रती बी जीनोमात असतात (केळीचे ए आणि बी असे दोन जीनोम, दोन रानटी जातींकडून आलेले). अर्धापुरात लावता ती ग्रँड नैन एएए, म्हणजे फक्त ए जीनोमची, आहे. तिच्यात स्ट्रीक दिसला तर आधी मातृरोप आणि पिठ्या ढेकूण तपासा.

अर्धापूरची बाग:
आरोप नाही, हिशोब मागतोय! तुमचं प्रमाणपत्र एसएसआर या डीएनए खुणांच्या तपासणीवर मिळतं. एसएसआर म्हणजे एका जागी सलग जोडलेले छोटे तुकडे, विखुरलेल्या घटकांची नवी उडी त्यात पकडली जात नाही, आणि मिथिलेशन गेलेलं तर मुळीच नाही. मग जनुकीय शुद्धतेचा शिक्का कसला?

ऊतिशाळा:
हा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मान्य करतो. नवी उडी शोधायला आयरॅप ही पीसीआर चाचणी लागते: प्रायमर (डीएनएची प्रत सुरू करणारा छोटा तुकडा) एलटीआरच्या टोकावर बाहेरच्या दिशेने ठेवायचा आणि शेजारच्या दोन घटकांमधला भाग वाढवायचा. पण दोन घटक फार लांब असले की जेलवर पट्टाच येत नाही, आणि जुना डीएनए तुटका असला की लांब पट्टे गायब होऊन खोटा फरक दिसतो. मिथिलेशनसाठी बायसल्फाइट चाचणी, जी मिथिलेशन नसलेला सी (सायटोसीन) बदलून टाकते. त्यात रूपांतर अर्धवट झालं तर उरलेला सी मिथिलेटेड समजला जातो, म्हणून मिथिलेशन नसलेला लॅम्डा डीएनए सोबत चालवावाच लागतो. प्रत्येक तुकडीला हे परवडत नाही. परवडतं ते असं: एका कंदापासून फुटवे वेगळे करून पुन्हा वाढवण्याच्या 8 फेऱ्यांच्या आसपास थांबायचं, बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) वाढवून फुटवे ओरबाडायचे नाहीत, आणि शेडनेटमध्ये आखूड देठाची, रुंद पानांची रोपं हुडकून काढून टाकायची. फेऱ्यांचा आकडा शेतकऱ्याने बिलावर मागावा. यात मी तुमच्या बाजूने आहे.

ज्वारीचं कणीस:
गोदाकाठ सर, मूळ मुद्द्यावर या. ‘कामाचं नाही’ हे गृहीत धरल्याचं नुकसान विश्लेषणात दिसतं. रिपीटमॉडेलर (पुनरावृत्ती शोधणारी संगणकीय आज्ञावली) ची यादी आली की मुलं ती तशीच रिपीटमास्करला (त्या झाकणाऱ्या आज्ञावलीला) देतात आणि सगळीकडे बेसच्या जागी एन हे अक्षर भरून टाकतात. रोगप्रतिकाराची एनबीएस-एलआरआर जनुकं अनेक प्रतींत असतात, म्हणून ती यादीत पुनरावृत्ती ठरतात आणि पुढे जनुकं शोधताना सापडतच नाहीत. ज्वारीत, कापसात आपण शोधतोय तेच हातचं जातं.

गोदाकाठ:
ते गृहीतकामुळे नाही, घाईमुळे होतं. यादी आधी ट्रान्सपोसॉन वगळलेल्या वनस्पती-प्रथिनांवर ब्लास्टएक्सने (डीएनए प्रथिनांशी जुळवणाऱ्या आज्ञावलीने) ताडायची, जुळणारे अनुक्रम काढायचे, मग रिपीटमास्करला एक्सस्मॉल पर्याय देऊन फक्त छोट्या लिपीत मास्क करायचं (झाकायचं), म्हणजे बेस तसेच राहतात. एन भरू नयेत, एवढं तुमचं शंभर टक्के मान्य. पण 80 टक्क्यांची ती पोस्ट गटातून काढावी, यावर मी ठाम आहे.

ज्वारीचं कणीस:
काढू नका. खाली ही सगळी चर्चा जोडा, मुलांना दोन्ही बाजू वाचू द्या.

अर्धापूरची बाग:
आणि फेऱ्यांचा आकडा बिलावर लिहिणारी रोपवाटिका कोणाला माहीत असेल तर इथेच सांगा, जूनची लागवड तोंडावर आहे.